द्वारा 56 एपीओ

गावी अजूनही कुणी विचारतं, "कारगिलला होता म्हणे, काय केलंत तिथं?" मी सांगतो, शिक्के मारले. लोकांना वाटतं विनय आहे. खरंच तेवढंच केलं.

सातारच्या पोस्टात मी क्लार्क होतो. डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये गेलो. तिथली बहुतेक माणसं माझ्यासारखीच, साध्या टपाल खात्यातून आलेली. नागपूरजवळ कामठीला त्यांचं केंद्र आहे. तिथं परेड शिकलो, वर्दी चढली, आणि 1999 च्या जूनमध्ये द्रासच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका उताराआड, दोन तंबू आणि वाळूच्या पोत्यांच्या भिंतीत आमचं फील्ड पोस्ट ऑफिस थाटलं. ऑफिस म्हणजे एक घडीचं टेबल, खणांची लाकडी फळी, शिक्का, शाईची गादी, लाख आणि स्टोव्ह.

पुढचं कळायचं तर आमच्या टपालाची चाल थोडी सांगायला हवी. फौजीला येणाऱ्या पत्रावर गावाचं नाव नसतं. तेव्हा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली "द्वारा 56 एपीओ", बस. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पश्चिमेकडच्या सगळ्या फौजेला हा एकच पत्ता. पूर्वेकडे तसाच 99 एपीओ. 56 चं पत्र देशात कुठंही टाका, ते आधी दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसला जातं. कुठलं युनिट आज कुठं आहे हे तिथल्या लोकांना माहीत. ते लावून देतात. आमच्या शिक्क्यावरसुद्धा गावाचं नाव नाही, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख. आमचा नंबर काय होता ते आजही तोंडातून निघत नाही, सवय.

म्हणजे द्रासमध्ये बसून समोरच्या डोंगरावरच्या माणसाला पत्र टाकायचं, तर ते झोजीला खिंड उतरून श्रीनगरला जाणार, तिथून दिल्ली, आणि दिल्लीहून परत सगळा घाट चढून द्रासला. असं कुणी करत नाही म्हणून त्याचं हसू येत नव्हतं. तोवर.

द्रासवरचं तोलोलिंग शिखर 13 जूनला आपल्या हातात आलं होतं. त्याआधी त्या माथ्यावरून शत्रूला हायवेवरची एकेक गाडी दिसायची, त्यामुळे आमच्या टपालाच्या गाड्या रात्रीच, दिवे न लावता यायच्या. नंतर जरा मोकळं झालं, पण गोळे पडायचे थांबले नव्हते. शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी, चारच्या सुमाराला, एक बाई पोत्यांच्या भिंतीवरून डोकावली. पायात बर्फाचे बूट, अंगात दोन साइझ मोठं जॅकेट, गळ्यात प्रेसचं कार्ड. वार्ताहरांची तेव्हा द्रासमध्ये गर्दीच होती. टीव्हीवर दिसलेलं हे आपलं पहिलंच युद्ध. पण ते लोक तोफांकडे जायचे, जखमींकडे जायचे. पोस्टाकडे कोण येतंय?

"भाईसाहब, एक चिट्ठी देनी थी," ती म्हणाली.

मी सांगितलं की हे पोस्ट फौजेसाठी आहे, सिव्हिलियनचं टपाल घेता येत नाही. तिनं पाकीट पुढं केलं. तोफखान्याची एक मीडियम रेजिमेंट, एक कॅप्टन, द्वारा 56 एपीओ. वर नियमाप्रमाणे तिकिटं लावलेली.

"श्रीनगरहून चार टाकलीत. एकाचंही उत्तर नाही. युनिट इथंच आहे ना?"

"ते मला सांगता येत नाही, मॅडम."

"अहो, काल मी त्यांच्या लंगरात जेवले!"

हे मराठीत. हिंदी बोलता बोलता तिचं "अहो" निसटलं आणि मी मान वर केली. नाशिकची निघाली. मग मी दादा झालो आणि ती ताई, पण युनिट कुठं आहे ते मी तरीही सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ते दोनशे पावलांवर होतं. तरी दोघांनी मान्य करायचं की ते फक्त दिल्लीला माहीत आहे. सरकारी नोकरीत असे प्रसंग बरेच येतात, पण इतका शुद्ध नमुना मी दुसरा पाहिला नाही.

कॅप्टन हिमाचलचा. देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्ये कोर्सला आला होता. ती तेव्हा नाशिकच्या एका पेपरात होती आणि फायरिंगचं प्रात्यक्षिक बघायला पत्रकारांना नेतात तशी गेली होती. पुढे ती दिल्लीच्या एका इंग्रजी मासिकात लागली. आता तो तोफांजवळही नव्हता. तोफखान्याचे असे अधिकारी पायदळाबरोबर वर चढतात आणि माथ्यावरून खालच्या तोफांना वायरलेसवर निशाणा सांगतात. ओपी म्हणतात त्याला. म्हणजे रेजिमेंट रस्त्याकडेला आणि हा माणूस सोळा हजार फुटांवर कुठल्यातरी कपारीत.

"मी इथं आहे हे त्याला माहीत नाही," ती म्हणाली. "निघताना कळवलं नाही. कळलं असतं तर आधी भांडला असता."

मला एवढ्यात दुसरंच काहीतरी टोचायला लागलं होतं. मी तिचं कार्ड पुन्हा वाचलं. नाव, मासिकाचं नाव.

फौजींना घरी लिहायला फोर्सेस लेटर फुकट मिळतं. तेव्हा रोज शेकड्यांनी जायची. पत्ते असे असायचे: मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा गढवाल, जिल्हा भोजपूर, जिल्हा झुंझुनू. त्या ढिगात गेले तीन-चार आठवडे एक पत्र वेगळं यायचं. दिल्लीतल्या एका मासिकाचं ऑफिस, आणि एका बाईचं नाव. शिक्का मारताना ते डोळ्यांत राहायचं, कारण सगळ्या गावांमध्ये ते एकच असं टेबलाचं, टेलिफोनचं ठिकाण. त्या दिवशी सकाळीही एक आलं होतं. शिक्का मीच मारला होता.

मग तीन वाजता बॅग बंद केली होती. सुतळी, लेबल, लाखेचं सील. अंधार पडल्यावर गाडी. ते पत्र माझ्या पायाशी पडलेल्या बॅगेत होतं आणि दिल्लीला निघालं होतं, तिच्या रिकाम्या टेबलावर आधीच्यांच्या वर जाऊन पडायला.

हे तिला सांगावं की नाही? टपालात पहिल्या दिवशी शिकवतात, कुणाचं कुणाला काय येतं ते पोटात ठेवायचं. मी पोटात ठेवलं. पाच मिनिटं.

तेवढ्यात शिट्टी आली. येणाऱ्या गोळ्याची शिट्टी आधी येते आणि दणका मग. जाणाऱ्याचं उलटं. एव्हाना हे आम्हा कारकुनांनाही कळायला लागलं होतं. आम्ही सगळे खंदकात. मी, आमचे सुभेदार साहेब, दोन शिपाई आणि ती. मी उशी धरतात तशी शिक्क्याची पेटी पोटाशी धरलेली, का ते विचारू नका. दोन गोळे नदीच्या बाजूला पडले, एक रस्त्यावर. माती टोपीत गेली. ती वहीत वेळ लिहीत होती. हात थरथरत होता, आकडे वाकडे येत होते, पण लिहीत होती.

मग आपली बोफोर्स बोलली. एकच. मध्ये शांतता. परत एकच. परत शांतता.

तिनं लिहायचं थांबवलं.

"आधी एकच तोफ टाकतात," ती हळू आवाजात म्हणाली. "वरचा बघतो कुठं पडला ते. मग सांगतो, डावीकडे घ्या, पुढे टाका. देवळालीला त्यानंच समजावलं होतं."

परत एक दणका.

"आता सांगत असेल."

आणि मग सगळ्या तोफा एकदम. खंदकाच्या भिंतीतून खडे गळायला लागले. तिनं डोळे मिटून घेतले होते. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाटलं, ही वेडी आहे. त्या खोऱ्यात तोफा कितीतरी, वर ओपी कितीतरी, कुठली तोफ कुणाच्या सांगण्यावर उडाली हे हिला काय कळणार? तिलाही ते कळत असणारच. तीन आठवडे रोज हेच आवाज ऐकून ती बातम्या देत होती. तिच्या सोबतच्यांकडे सॅटेलाइट फोन होता, खंदकातून वर आल्यावर तिनं मिनिटाभरात दिल्लीला मजकूर सांगितलाही असता. समोरच्या डोंगरावर मात्र एक शब्द पोचवायची सोय नव्हती.

बाहेर आलो तेव्हा मी सुभेदार साहेबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, बॅगेत काय आहे ते. साहेब तमिळनाडूचे, तीस वर्षांची नोकरी, नियमांचा किडा. सील झालेली बॅग त्यांनी कधी उघडू दिली नव्हती.

"पता किधर का है?"

"दिल्ली का, साब."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती जॅकेटवरची माती झटकत होती.

"आदमी तो इधर है," ते म्हणाले. "आयकार्ड देख लो. दस्तखत लो."

सुतळी कापली. बॅग पालथी केली. गठ्ठे सोडून पत्र शोधायला दहा मिनिटं लागली, कारण घाईत मी ते उत्तर प्रदेशच्या गठ्ठ्यात बांधलं होतं. म्हणजे तसंही ते उशिराच गेलं असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिनं पत्र हातात घेतलं आणि उघडलं नाही. मला वाटलं होतं झडप घालून फोडेल. तिनं शिक्का वाचला.

"आजचा आहे."

"सकाळी मारला."

"वरून खाली यायला किती लागतात?"

"राशन घेऊन गेलेले लोक परत येताना आणतात. एक रात्र. कधी दोन."

ती मनात हिशेब करत होती. "म्हणजे परवापर्यंत ठीक होता," ती म्हणाली. पत्र आतल्या खिशात ठेवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. मग सही केली. तिचं पाकीट मी घेतलं, तिकिटांवर आमचा शिक्का मारला आणि दिल्लीला न पाठवता सरळ त्या रेजिमेंटच्या खणात टाकलं. संध्याकाळी त्यांचा पोस्ट ऑर्डर्ली येऊन घेऊन गेला. आम्ही स्टोव्हवर लाख वितळवून बॅगेला नवं सील केलं. साहेबांनी मेल लिस्ट स्वतः पुन्हा लिहिली.

ती चहा न घेता गेली. बातमीची वेळ झाली होती.

4 जुलैला टायगर हिल घेतली. त्याच आठवड्यात रेजिमेंटच्या ऑर्डर्लीनं काही पत्रं परत आणून दिली. माणूस युनिटमध्ये नसला की युनिटचा क्लार्क जुना पत्ता खोडून नवा घालतो. त्यात कॅप्टनच्या नावाची चार पाकिटं होती, तिच्या अक्षरातली. श्रीनगरहून टाकलेली ती चार. दिल्लीचा फेरा करून आलेली. त्यांवर लाल शाईत लिहिलं होतं: 92 बेस हॉस्पिटल. श्रीनगर. म्हणजे जिथून टाकली तिथंच परत. मी ती पुढं लावली. ऑर्डर्लीला विचारलं, कितपत लागलंय? त्यानं गुडघ्याखाली हात आडवा धरला.

तिला कळलं असेल का? मला ठाऊक होतं आणि तिला सांगायला तिचा पत्ता नव्हता. ऑफिसचा पत्ता तोंडपाठ होता, पण ती ऑफिसात कुठं होती? बटालिककडे गेली असं कुणीतरी म्हणालं. ऑगस्टमध्ये त्या मासिकाचा अंक मेसमध्ये आला. तिचा द्रासवरचा लेख होता, सात पानं. डिक्शनरी घेऊन बसून वाचला. तोफा होत्या, हमाल होते, आमच्या पोस्टाबद्दल दोन ओळी होत्या. कॅप्टन नव्हता. कपारीतला एकही ओपी नव्हता त्यात.

सप्टेंबरात मला एक आंतरदेशीय आलं. घरचं असेल म्हणून बाजूला ठेवलं, मग अक्षर दिसलं. माझं नाव तिला माहीत नव्हतं. "पोस्टातले सातारकर दादा" असं लिहून खाली आमच्या फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, अचूक, आणि द्वारा 56 एपीओ. नंबर तिनं त्या दिवशी शिक्क्यावरून वाचला असणार. पाठवणाऱ्याच्या जागी पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राचा पत्ता.

आत दोघांची हस्ताक्षरं होती. वर तिचं, मराठीत: "दादा, बाकीची दोघांचीही सगळी पत्रं इथं एकत्र वाचली. तुम्ही दिलेलं तेवढं आधीच वाचलं होतं." खाली दुसरं, हिंदीत, गिचमिड, पडून लिहिल्यासारखं: "मेरे वाला भी उसी रात मिला था। ऊपर।"

शिक्के बघितले. पुण्याहून निघून दिल्लीमार्गे यायला त्याला अकरा दिवस लागले होते.