फौजी सर, पोस्टिंग कुठं होती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हदगाव तालुक्यात, इसापूर धरणाच्या कालव्याच्या कडेनं मी पहाटे पोरं पळवतो. आर्मी भरती, पोलीस भरती, जी निघेल ती. पोरं मला ‘फौजी सर’ म्हणतात. हे नाव मी लावून घेतलेलं नाही, पण खोडलंही नाही, गोम तिथंच आहे. नवी बॅच आली की आठवडाभरात एखादं पोरगं, नाहीतर फी भरायला आलेला त्याचा बाप विचारतोच: “सर, पोस्टिंग कुठं होती? बॉर्डरला होता का?”

पोस्टिंग कुठंच नव्हती. 2013 साली मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झालो आणि आठ महिने अकरा दिवसांनी घरी आलो. त्यातले शेवटचे अडीच-तीन महिने दवाखान्यात. ट्रेनिंग संपताना शपथ देतात ती कसम परेड झाली नाही, युनिट मिळालं नाही. गोळ्या झाडल्या त्या रेंजवर, पुठ्ठ्याच्या माणसावर.

तेविसाव्या आठवड्यात पहाटेच्या पीटीला मी उभ्या उभ्या कोसळलो. पुढच्याच्या बनियनवर घामाचा डाग होता आणि तो मोठा मोठा होत गेला, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली. पाच महिन्यांत ओरडल्याशिवाय माझ्याशी एक वाक्य न बोललेले उस्ताद, म्हणजे आमचे ट्रेनिंग देणारे, खाली बसून माझ्या बुटांच्या लेस सोडत होते. फेफरं. आमच्याकडं असं कुणी पडलं की नाकाला चप्पल नाहीतर फोडलेला कांदा लावतात. तिथं इंजेक्शन दिलं, डोक्याला तारा लावून ईईजी काढला, एमआरआय केला. दुसरं फेफरं दवाखान्यातच आलं, मग कुणाला काही शंका उरली नाही.

फौजेत तब्येतीचा हिशोब ‘शेप’ नावाच्या पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात: मन, कान, हातपाय, अंगाची एकूण ताकद आणि डोळे. प्रत्येकापुढं आकडा. सगळीकडं एक असला की ‘शेप वन’, कुठंही पाठवा. पाच आला की घर. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळणारा, आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायचे दहा बीम सहज मारणारा मी, माझ्या कागदावर पाच आला. डॉक्टरांच्या बोर्डानं लिहिलं की आजाराचा सेवेशी संबंध नाही. त्यावर माझं भांडण नाही. भरलेली रायफल घेऊन संत्री म्हणून पहाऱ्याला उभा असलेला माणूस अचानक पडला तर शेजारच्याचं काय, हे मलाही कळतं. कळतं म्हणून दुखायचं थांबत नाही, ते वेगळं. (आजही रोज गोळी घेतो. शेवटचं फेफरं 2016 साली आलं होतं. मोटारसायकल चालवत नाही, सायकलवर शिट्टी घेऊन पोरांच्या मागं असतो. त्यांना वाटतं सरांचा फिटनेस आहे.)

जाताना गावानं वाजवत गाजवत पाठवलं होतं. अकादमीच्या फीपायी वडिलांनी एक गोऱ्हा विकला होता, ते कुणाला माहीत नव्हतं. फ्लेक्स मात्र सगळ्यांना दिसला: ‘भारतीय सैन्यदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली सरपंचांपासून चौदा शुभेच्छुक, त्यातले दोघं माझ्यापेक्षा मोठ्या आकारात. परत आलो तो रात्रीच्या एसटीनं, मुद्दाम, काळी पेटी डोक्यावर घेऊन. सकाळी गोठ्याकडं गेलो तर कडब्याच्या गंजीवर माझाच चेहरा पसरलेला. मला बघून वडील घाईघाईनं तो काढायला लागले. म्हणालो, राहू द्या, कडबा भिजंल. दोन पावसाळे मी तिथं होतो. पेटीत आता आईनं तुरीचं बी ठेवलंय. झाकणावर पांढऱ्या रंगातला माझा नंबर आणि नाव अजून वाचता येतं. नंबर तर झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन.

पहिली दोन-तीन वर्षं मी खोटं बोललो. सगळ्यात मोठं खोटं देवगिरी एक्सप्रेसमध्ये. नांदेडला चढलो, समोरच्या काकांनी माझे केस आणि बसायची पद्धत बघून विचारलं, “फौजेत का?” मी म्हणालो, “हो, जम्मू.” त्यांनी मला आपला खालचा बर्थ दिला, परभणीला चहा पाजला. मग मी बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. त्या माझ्या नव्हत्या, दवाखान्यात शेजारच्या खाटेवर नाईक हुद्द्याचे एक जवान होते त्यांच्या होत्या. त्यांच्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली होती आणि ते स्वतः त्या गोष्टी फार कमी सांगत. काका झोपले. मी जालना, औरंगाबाद, मनमाड, सगळी स्टेशनं जागा राहून मोजली. दिलेला बर्थ परतही करता येईना.

मग दुसरं टोक गाठलं. कुणी विचारलं की सरळ नाही म्हणायचं, मी फौजेत नव्हतोच. एकदा सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपुढं असं म्हणालो, तर आई आतून म्हणाली, “मग आठ महिने रविवारचा फोन कुठून येत व्हता?” सोयरीक मोडली. फोनमुळं नाही, फेफऱ्यामुळं. पण आईचा प्रश्न डोक्यात बसला.

आमच्या शेजारच्या गावात एक निवृत्त हवालदार आहेत. सतरा वर्षं लंगर, म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, सांभाळला. पोरं त्यांना विचारतात, “आबा, किती मारले?” ते म्हणतात, “कांदे. ट्रकच्या ट्रक.” गाव हसतं आणि 26 जानेवारीला त्यांनाच पुढं बसवतं, तसंच बसवायला पाहिजे. 1999 च्या कारगिलनंतर भरती होऊन पेन्शनवर आलेले असे कितीतरी, ज्यांच्या वाट्याला युद्ध आलंच नाही. त्यांना कुणी हिशोब मागत नाही, त्यांचा त्यांनाही मागावासा वाटत नाही. आबांकडं बघून मला उशिरा उमगलं की मी इतकी वर्षं लाज भलत्याच खुंटीला टांगली होती. लढलो नाही हे माझं दुखणं नव्हतंच. कसम राहिली, ते दुखणं. परेडच्या दिवशी आईबापाच्या छातीवर गौरव पदक लावतात. वडिलांनी त्यासाठी नवा सदरा शिवून ठेवला होता. तो त्यांनी पुढं माझ्या बहिणीच्या लग्नात घातला. खिशाच्या वरची जागा मी दिवसभर बघत होतो.

तरी ‘माजी सैनिक’ म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही, त्याला आणखी एक कारण आहे, ते आमच्या मुलखाचं. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं. पलीकडं उमरखेड, तिथं निजामाची हद्द संपायची, म्हणून लढणाऱ्यांचा कॅम्प तिथं होता. माझे आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, रात्री नदी ओलांडून भाकऱ्या पोचवायचे. पुढं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली तेव्हा लोक म्हणाले, अर्ज करा. आजोबा म्हणाले, “म्या काय बंदूक धरली का जेलात गेलो? भाकऱ्या नेल्या. भाकऱ्याची कुठं पेन्शन असती?” घरात यावरून बायकांनी त्यांना आयुष्यभर बोलून घेतलं, आणि त्यांचं बरोबर होतं असं मला आजही पूर्ण वाटत नाही. पकडले गेले असते तर रझाकारांनी भाकरी आणि बंदूक असा भेद केला नसता. पण त्याच पेन्शनीवरून मराठवाड्यानं काय काय बघितलं! बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याकडं कागद, आणि आजोबांकडं नदीच्या गोष्टी. त्यामुळं न कमावलेली पदवी आमच्या घरात फार झोंबते.

कागदाचं म्हणाल तर तो चटकन संपतो. आजार सेवेमुळं झाला असं ठरलं आणि त्याची पेन्शन मिळाली तर माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसतो, मी बसत नाही. 2020 साली सरकारनं दहा वर्षांपेक्षा कमी सेवेवरही अपंगत्वाच्या कारणानं पेन्शन द्यायचं ठरवलं. मी उड्या मारत तारीख बघितली: 4 जानेवारी 2019 ला किंवा नंतर जे सेवेत होते त्यांनाच. पेपर घडी घालून ठेवला. अधिकारी होऊ घातलेल्या कॅडेटांचंही असंच आहे, एनडीएत नाहीतर डेहराडूनला ट्रेनिंगमध्ये पाठ मोडलेली, डोक्याला मार लागलेली पोरं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपणहून त्यांचा विषय हातात घेतला तेव्हा मी आठवडाभर बातम्या बघितल्या. आणि आता माझी पळणारी पोरं अग्निवीर म्हणून जातात. चार वर्षांनी चारातला जास्तीत जास्त एक कायम होतो. बाकीचे हातात पैसे घेऊन घरी, पण माजी सैनिकाचा दर्जा नाही. पहिली तुकडी 2026 च्या शेवटापासून परतायला लागेल. मग मला विचारला जाणारा प्रश्न गावोगाव विचारला जाईल. त्यांनी काय उत्तर द्यावं हे मी त्यांना शिकवू शकत नाही. बीम मारायला शिकवतो.

आता गेल्या वर्षीच्या 17 सप्टेंबरचं सांगतो, कारण मुळात ते सांगायलाच बसलो होतो.

मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत झेंडावंदन झालं की सत्कार असतात. दोन वर्षांपूर्वी माझं नाव ‘माजी सैनिक’ म्हणून पुकारलं आणि मी गेलो, शाल घेतली, खाली मान घालून बसलो. यावेळी आधीच मुख्याध्यापक गुरुजींना गाठलं. म्हणालो, गुरुजी, तेवढं माजी सैनिक काढा. ते म्हणाले, “मग काय म्हणू? कार्यक्रमपत्रिका छापून झाली.” नुसतं भरती प्रशिक्षक म्हणा, म्हटलं. ते कागदावर खोडाखोड करत गेले.

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. वीरमाता. मुलगा काश्मीरमध्ये गेला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. गाव आणि नाव सांगत नाही. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “तू बी मिल्ट्रीतला ना? कुठं व्हतास?”

तोच प्रश्न. आणि या एका माणसापुढं तो येऊ नये असं मला आयुष्यभर वाटत होतं. मी म्हणालो, “मावशी, मी बेळगावात ट्रेनिंगलाच होतो. फेफरं आलं, घरी पाठवलं. पुढं कुठं गेलो नाही.”

त्या वळून नीट बसल्या. “बेळगावात? आमचाबी तिथंच व्हता पहिल्यांदा.” मग थोडं थांबून, “तिथं पहाटं कवा उठवायचे?”

चारला, म्हणालो. कधी त्याच्याही आधी. दाढी करूनच फॉलिन व्हायचं, रांगेत उभं राहायचं, दाढी आलेली नसली तरी.

“भाकर भेटायची का?”

भाकरी नाही. पुरी, चपाती, डाळ, भात. पहिले पंधरा दिवस आमच्याकडची पोरं ज्वारीच्या भाकरीनं वेडी व्हायची, मग सगळं खायला लागायची. पाऊस तिकडचा वेगळा, आपल्यासारखा येऊन जाणारा नाही, दिवस दिवस झिमझिम, कपडे वाळत नाहीत, ओलेच घालायचे. चूक झाली की रगडा, म्हणजे कोपरं घासत मैदानभर सरपटायचं. जेवणाच्या रांगेत मग्गा-प्लेट वाजवली तरी रगडा. सगळ्यांनी एका आवाजात ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हटलं की अंगावर काटा यायचा, आणि आवाज कमी पडला की पुन्हा रगडा.

त्या ऐकत होत्या. स्टेजवर कुणीतरी भाषण करत होतं, हैदराबाद संस्थान, स्वामी रामानंद तीर्थ, आम्ही दोघंही तिकडं बघत नव्हतो.

“रडायचे का रं पोरं?”

“पहिल्या महिन्यात सगळे. ब्लँकेटमधी.”

“तू बी?”

“मी बी.”

“त्यो सांगायचा, मजेत हाय. दर रविवारी तेच. मजेत हाय, तू गोळ्या घे.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “पुढचं समदं सांगितलं लोकायनं. सायेब आले, त्याच्यासंगचे पोरं आले, तो कसा लढला, कुठं लागलं, समदं. ह्ये कुणीच नाही सांगितलं.”

माझं नाव पुकारलं. गुरुजींनी खोडलेलं त्यांनाच वाचता आलं नाही बहुतेक, कारण ते म्हणाले, “आपले फौजी सर.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन परत येईपर्यंत मावशींनी पिशवी उघडली होती. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक हिरवी कापडी थैली, तळहाताएवढी, नाडी बांधलेली.

“ही त्याच्या पेटीत निघाली. लई दिवस झाले इचारायचं व्हतं कुणाला तरी. कशाची हाय?”

मी नाडी सोडली. दोन सुया, काळा आणि हिरवा दोरा, तीन बटणं.

“सामानात मिळती, मावशी. तिथं बटण तुटलं, शिलाई उसवली तर आपलं आपणच शिवायचं. नावाची पट्टीबी आपणच.”

त्यांनी एक सुई उचलून उजेडात धरली. नेढ्यात अजून हिरवा दोरा होता, अर्धा वापरलेला.

“त्याला सुई धरता यायची?”

“यावीच लागती, मावशी. मला बी येती.”