आमची वाटचाल : सात ठिकाणांवरून चारवर

एप्रिल 2015मध्ये आम्ही पहिल्यांदा 11 जणांची सहल घेऊन इजिप्तमधल्या लक्सरला उतरलो, तेव्हा माझ्या कागदावर एका दिवसात सात ठिकाणं होती. पत्रकावर ती यादी भरगच्च दिसायची आणि त्यावरच बुकिंग झालं होतं. प्रत्यक्षात गाडीवाल्याने सकाळच्या गार वेळेतच सगळ्यांना अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या कारखान्यात नेऊन दीड तास बसवलं. कमिशन, दुसरं काय! मग ऐन बाराच्या उन्हात कर्नाकचं देऊळ. तिथे गटातल्या एका मावशींना घेरी आली. खांबाच्या सावलीत त्यांना लिंबू-साखरेचं पाणी पाजताना मी ठरवलं, पुढच्या वेळी हे असं नाही.

डोंबिवलीतला एक गाळा, मी, बायको आणि फोनवर बसणारा भाचा, एवढीच आमची कंपनी. इजिप्तमध्ये गाईड तिथलाच परवानाधारक लागतो. त्यामुळे तो इंग्रजीत सांगतो आणि मी मराठीत. सुरुवातीला मी शब्दाला शब्द ठेवायचो आणि लोक जांभया द्यायचे. मग कळलं की आपल्या माणसाला धागा आपल्याकडचा द्यावा लागतो. नाईलच्या पूर्वेला जिवंत माणसांची वस्ती आणि देवळं, पश्चिमेला, म्हणजे सूर्य मावळतो तिकडे, थडगी. यावर मी एवढंच म्हणतो, ‘आपण दक्षिणेकडे पाय करून झोपत नाही ना, तसं.’ पुढचं समजावावं लागत नाही. कर्नाकच्या तळ्याकाठी दगडी भुंगेरा आहे, त्याला सात फेऱ्या घालायची पर्यटकांत प्रथा आहे. आमच्या मंडळींना प्रदक्षिणा शिकवायची वेळ कधीच आली नाही.

तिथल्या खांबांच्या दालनात 134 खांब आहेत, मधले 12 सुमारे 21 मीटर उंच. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेला माणूस इथे हटकून तुलना करतो, आणि ती करू द्यावी. तिकडे डोंगर वरून खाली कोरत आणला, इकडे दगडावर दगड चढवला.

2016पासून यादी छाटली. पहाटे सहाला राजांचं खोरं, म्हणजे जुन्या राजांच्या थडग्यांची दरी, उघडतं तेव्हा आम्ही दारात. साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं, आणि 1922 साली सापडलेलं ते थडगं आकाराने लहानच आहे, हे मी आधीच सांगतो. नंतर तोंडं पडलेली बघवत नाहीत. आत गाईडला बोलायला मनाई असते, म्हणून बाहेर सावलीत बसून सगळं आधीच समजावून घेतो. मग हत्शेप्सूत राणीचं मंदिर, कर्नाक दुपार कलल्यावर, आणि मधे एक ठिकाण, जे आधी यादीत नव्हतंच : देर अल-मदिना.

राजांची थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. आता घरांचे पायेच उरलेत. पण सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं स्वतःचं छोटं थडगं आहे, त्यात तो बायकोसोबत परलोकातलं शेत नांगरतोय, रंग अजून टवटवीत. या लोकांचा हजेरीपटही सापडलाय, चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेला, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये. गैरहजेरीची कारणं काय, तर विंचू चावला, बिअर गाळत होता, आईचा मृतदेह ममीसाठी गुंडाळायचा होता. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी धान्याचा पगार थकला, तेव्हा हे सगळे काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप तो हाच, असं मानतात.

ते ठिकाण घेतलं तेव्हा बायको म्हणाली, ‘मोडकी घरं बघायला कोण पैसे देणार?’ तिचं फारसं चुकलं नव्हतं. पहिली दोन वर्षं लोक तिथे पाण्याच्या बाटल्या भरून घेत बसायचे.

मार्च 2020मध्ये सगळंच थांबलं. हॉटेलकडे आगाऊ भरलेली रक्कम अडकली होती. आम्ही एफडी मोडून लोकांचे पैसे परत केले, दोन हप्त्यांत. त्यातले बरेच जण 2022 नंतर पुन्हा आले, जाहिरात न करता.

त्यातच लालबागचे एक काका होते, गिरणीच्या साचेखात्यात आयुष्य गेलेलं. जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्यांची थोरली मुलगी पाळण्यात होती. देर अल-मदिनाला संपाचं सांगून झालं, मंडळी फोटो काढायला पांगली. काका घरांच्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मिळालं का मग धान्य?’

मी गाईडला विचारलं. मिळालं, पण वेळेवर नाही. पुन्हा थकलं, पुन्हा बसले.

‘म्हणजे मिळालं,’ काका म्हणाले, आणि टोपी सारखी करून गाडीकडे निघाले.

गाडीवाला आता आमचा ठरलेला आहे. कमिशनच्या बदल्यात त्याला आम्ही दिवसाचे जादा पैसे आधीच देतो. कारखान्याची फेरी बंद. दुपारी कोशरी खातो, भात, मसूर आणि मॅकरोनी एकत्र, वर तळलेला कांदा. शाकाहारींची सोय होते, आणि तरी दरवेळी कुणाच्या तरी पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बाटली निघतेच.