आण्णांच्या डोळ्यातलं फूल

मागच्या दिवाळीनंतर आमच्या उसाला तोड आली. टोळीला बांध दाखवायला म्हणून आण्णा, म्हणजे माझे वडील, फडात शिरले आणि उसाचं पान सपकन उजव्या डोळ्यावर बसलं. उसाचं पान हाताला लागलं तरी कापतं, हे उसाच्या गावातल्या माणसाला सांगायला नको. आण्णांनी पाईपचं पाणी डोळ्यावर मारलं, टॉवेलने पुसलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले. मला दोन दिवसांनी कळलं, तेही आई बोलली म्हणून. आण्णा फोनवर म्हणाले, "काय न्हाय गं, पान लागलंय, जरा खुपतंय." आणि मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून म्हटलं, मेडिकलमधून थेंब आणून घाला की. हे मी बोलले, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

मेडिकलवाल्याने लाल डोळा बघितला, डोळे आलेत म्हणाला आणि एक बाटली दिली. दुसऱ्याच दिवशी लाली उतरली, ठणका कमी झाला, आण्णा खूश आणि मी पण निर्धास्त. चार-पाच दिवस असे गेले आणि मग एका रात्री ठणका असा उठला की माणूस रात्रभर उशीवर टेकला नाही, दिव्याकडे बघवेना, डोळ्यातून सारखं पाणी. सकाळी आईने त्यांना दारात उजेडाला नेऊन बघितलं तर बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. शेजारच्या काकू म्हणाल्या फूल पडतंय, मध घाला, कुणी म्हणालं बाळंतिणीचं दूध घाला. आईने काहीच घालू दिलं नाही, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. मी दुपारपर्यंत पोचले, त्या बाटलीवरची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचली. एक अँटिबायोटिक आणि सोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉईड.

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात फक्त कॉर्नियाचं बघणाऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी बाटली हातात घेतली, नाव वाचलं आणि पहिलं वाक्य हेच, "काका, याने बरं वाटलं असेल ना चार दिवस?" आण्णा हो म्हणाले. मग त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. लाली, सूज, ठणका ही शरीर आत झुंजतंय त्याची खूण असते. स्टेरॉईडने झुंजच थांबवली, म्हणून आराम पडला आणि आत शिरलेल्या बुरशीला मोकळं रान मिळालं. सोबतचं अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीला त्याचं काही होत नाही. म्हणजे ज्या चार दिवसांत आम्ही सगळे खूश होतो त्याच चार दिवसांत जखम वाढत होती.

मला तोवर कॉर्निया म्हणजे नक्की काय हेही धड माहीत नव्हतं. आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, तेवढ्यात पाच थर, आणि डोळ्यात येणारा उजेड वळवून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नीट पाडायचं दोन तृतीयांश काम एकटा हाच करतो. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर आरपार दिसतं, त्याला लागणारा ऑक्सिजन तो मुख्यतः अश्रूंमधून म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. पण रक्त नाही म्हणून तिथं शरीराची कुमकही उशिरा पोचते आणि गोळ्या-सलाईनचं औषधही पुरेसं पोचत नाही. आण्णा दर तासाला थेंब घालायला कंटाळायचे आणि एखादी भारीतली गोळी द्या म्हणायचे तेव्हा डॉक्टर हेच कारण पुन्हा पुन्हा समजावायच्या, न चिडता.

तपासणी मी अगदी जवळून बघितली आणि ती सविस्तर सांगते, कारण मेडिकलच्या काउंटरवर यातलं काहीच होऊ शकत नाही. आधी नुसती नजर, उजव्या डोळ्याने हातभरावरची बोटं मोजता येत होती तेवढंच. मग सुन्न करायचे थेंब घालायच्या आधी कापसाच्या धाग्याचं टोक बुबुळाला हलकेच लावून बघितलं, नागिणीच्या जातीच्या विषाणूने जखम असेल तर तिथली संवेदना कमी होते म्हणे. नाकाजवळ डोळ्याच्या कोपऱ्यात दाबून बघितलं, अश्रूंच्या पिशवीत पू असेल तर कॉर्नियाची जखम बरी होतच नाही. बोट टोचून साखर बघितली. मग फ्लुरोसीन नावाच्या रंगाची पट्टी लावली आणि स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्राचा, निळा उजेड टाकला तर जखम हिरवीगार चमकली, चार मिलिमीटर, अगदी मधोमध. साध्या उजेडात तिच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या, बाजूला दोन छोटे सुटे ठिपके, आणि बुबुळाच्या तळाशी आतून पांढरा पू साचलेला. डॉक्टर म्हणाल्या दिसायला बुरशीच दिसतेय पण नुसत्या दिसण्यावर मी औषध देणार नाही.

नंतर डोळा सुन्न करून त्यांनी छोट्या पात्याने जखमेच्या कडेवरून खरवडून घेतलं. मला बघवत नव्हतं, आण्णा मात्र माझा हात धरून शांत पडून होते. ते खरवडलेलं काचपट्ट्यांवर, थोडं कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या, बश्यांवर. एका काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकतात, त्याने पेशी विरघळल्यासारख्या होतात आणि बुरशीचे धागे तेवढे उठून दिसतात. थोड्याच वेळात लॅबमधल्या ताईंनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. मधेमधे पेरं असलेले, फांद्या फुटलेले बारीक धागे. उसासारखे, खरंच. कल्चरमध्ये चार दिवसांनी नाव आलं, फ्युजेरियम. ही बुरशी मातीत आणि पालापाचोळ्यात असतेच, नेहमी काही करत नाही, पण पानाने वरची कातडी फाटली की तिला दार मिळतं. पहिल्याच दिवशी असं खरवडून बघितलं असतं तर काय झालं असतं हा विचार मी अजून करते.

औषध नाटामायसिन, ५ टक्के. पांढरं, दुधासारखं, तळाशी बसतं म्हणून दर वेळी बाटली हलवायची, घातल्यावर पापणीला पांढरी पूड चिकटते. (हेच नाटामायसिन चीजवर बुरशी येऊ नये म्हणून वापरतात.) मी नेटवर वाचून डॉक्टरांना विचारलं की व्होरिकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध नवीन आहे ना, ते का नाही. त्यांनी सांगितलं की याचीच तुलना आपल्याकडे झालीय, तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयात, ३२३ पेशंट घेऊन, २०१३ साली प्रसिद्ध झाली, आणि जुनं नाटामायसिनच सरस ठरलं, फ्युजेरियमवर तर जास्तच. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण ते पेशंट बहुतेक आण्णांसारखेच असणार, शेतात राबणारे.

पण नाटामायसिन खोलवर शिरत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी वरचा थर पुन्हा खरवडायचा आणि जागेपणी दर तासाला थेंब. त्याच्यासोबत बाहुली मोठी ठेवायचे थेंब, त्याने आतला ठणका कमी होतो, दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. आईने देवघराच्या भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि प्रत्येक थेंबाला पेन्सिलने एक रेघ मारायची. सात आठवडे ते कॅलेंडर भरत राहिलं. पहिले दहा दिवस तर ठिपका तसाच, कमी नाही जास्त नाही, आणि डॉक्टर म्हणायच्या वाढला नाही म्हणजे औषध लागू पडतंय, आता धीर धरा. आता मला जे सावकाश होतं त्याचीच खात्री जास्त वाटते.

त्या आठवड्यांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी काय काय बघितलं. एक बारावीचा मुलगा, दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलत होता, कॉर्नियाचा नकाशा काढला तर मधला भाग पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला, केराटोकोनस. लहानपणापासून डोळे चोळायची सवय होती त्याला. त्याला रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालून अतिनील किरण देणार होते, पडदा आहे तिथंच घट्ट करायला. पुण्याचीच एक मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपायची आणि नळाच्या पाण्याने धुवायची, तिचं दुखणं तर आण्णांपेक्षा वाईट. आणि एक चार वर्षांचा पोरगा, आजोबांच्या तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली आणि ती डोळ्यात फुटली. त्याची आई सांगत होती की त्यांनी आधी तासभर गाडी शोधली. चुना गेला तर गाडी नंतर, आधी जागेवर अर्धा तास पाण्याची धार, पापणी उलटून कण काढून, हे मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं आणि मी भेटेल त्याला सांगते.

चुन्यावरून आठवलं. माणसावर कॉर्निया बदलायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९०५ च्या डिसेंबरात डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमोउत्सला केलं, हे शहर आता चेक देशात आहे, आणि तो पेशंट चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूरच होता. आपल्याकडे पहिली नेत्रपेढी मद्रासला १९४५ साली झाली. आणि तरी २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या लोकांमधल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण कॉर्नियाचा डागच निघालं, ३७.५ टक्के. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, फूल कमावत्या माणसाला आणि पोरांना पडतं.

आण्णांचं बुबुळ फुटलं नाही, फुटलं असतं तर तातडीने कॉर्निया बसवावा लागला असता. जखम भरली पण मधोमध पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने आता ६/३६ दिसतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसतं ते त्यांना सहा मीटरवरून, आणि उजेडात सगळं धुरकट. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षभर डोळा शांत राहिला तर दान आलेला कॉर्निया बसवता येईल, नजर सुधारेल. यात रक्तगट जुळवावा लागत नाही, रक्तवाहिन्या नसल्याचा हा फायदा. पण बारीक टाके, महिनोन्महिने थेंब, आणि शरीराने तो नाकारायला सुरुवात केली की डोळा लाल होणार, उजेड सोसणार नाही, नजर कमी होणार, तेव्हा त्याच दिवशी पळत यायचं. यातले थेंब पुन्हा स्टेरॉईडचेच असतात, फक्त डॉक्टरांच्या नजरेखाली. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दोन्ही डोळे गेलेली माणसं रांगेत हायत का? डॉक्टर हो म्हणाल्या. "मग माझा डावा चांगला हाय. त्यांचं होऊ द्या आधी." मी गाडीत त्यांच्याशी भांडले. अजूनही मला वाटतं त्यांनी करून घ्यावं, आणि अजूनही ते नाही म्हणतात. आईने मात्र परत येताना नेत्रदानाचा फॉर्म आणला, दोघांच्या सह्या झाल्या, आणि सहा तासांच्या आत कळवायचं, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, उशी द्यायची हे तिने माझ्याकडून पाठ करून घेतलं. चष्मा असला, शुगर असली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, तिचं झालंय म्हणून तिने मुद्दाम विचारून घेतलं.

यंदा बीडकडची टोळी आलीय. एका दुपारी एका कोयत्यातल्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीतल्या, बाईच्या डोळ्याला पान लागलं. मुकादम म्हणाला मेडिकलमधून थेंब आणतो, खाडा नको. आण्णा म्हणाले खाड्याचे पैसे मी देतो, आणि मोटरसायकलवर धाकट्या काकांच्या मागे तिला बसवून तालुक्याला पाठवलं, स्वतः मागून एसटीने गेले, कारण आता ते गाडी चालवत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हिरवा रंग घालून बघितलं. नुसतं खरचटलं होतं, पांढरं काही नव्हतं. साधे अँटिबायोटिकचे थेंब दिले आणि रोज दाखवायला सांगितलं. आण्णा तिला रोज नेत होते. तिसऱ्या दिवशी हिरवं काही उठलं नाही आणि चौथ्या दिवशी ती फडात होती, मी घेऊन दिलेला पारदर्शक गॉगल लावून. घामाने काच धूसर होते म्हणून दर सरीच्या टोकाला थांबून पदराने पुसते, आई सांगत होती.