स्वस्तातलं पॉलिशर

आमची गाडी काळी, त्यात विजापूर रोडची धूळ आणि बोअरचं जड पाणी. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसायचे.

ते घालवायला आधी मेव्हण्याचं रोटरी पॉलिशर आणलं. ते एकाच जागी गरगरतं. जरा रेंगाळलं की रंग तापतो. डिकीच्या कडेला रंगाखालचा प्रायमर दिसला तेव्हा ही काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

मग ड्युअल ॲक्शन पॉलिशर घेतलं, ८ मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅड डुगडुगण्याची रुंदी), पॅड लावायच्या ५ इंची प्लेटवालं. यात पॅड फिरतं आणि डुगडुगतंही, फार दाबलं तर फिरणंच थांबतं. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारली. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, नुसती थरथरली तर हात हलका करायचा. १५ मिमीचा मोह होता, पण दाराच्या वळणांवर लहान थ्रोच बरा. वाचलेले पैसे पॅडवर घातले. एका पॅडवर अख्खी गाडी करू बघणं हा चेंगटपणा.

मेमधल्या दुपारी पत्रा एवढा तापतो की कंपाउंड, म्हणजे ओरखडे काढायची पेस्ट, लावताच वाळतं. म्हणून पहाटे साडेपाचला सुरू केलं. शेजारच्या काकू गॅलरीतून, "काय ओ, पहाटं पहाटं शेंगाची चटणी कुटालाव का?"