एका ‘ऱ्या’चा ४०४

मागच्या महिन्यात माझे संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर हलवले आणि दोनच दिवसांनी शिवाजी पेठेतल्या मामेभावाचा फोन आला, की पंचगंगा घाटावरचा लेख उघडत नाही, ‘४०४, पेज नॉट फाउंड’ एवढेच येते. मी मुखपृष्ठावरून तोच लेख उघडला, तर व्यवस्थित उघडला.

४०४ दिसला की सर्व्हर बंद पडला असे अनेकांना वाटते. वस्तुतः हा आकडा सर्व्हरच पाठवतो, म्हणजे तो चालू असतो. पोस्टमन राजारामपुरीतल्या नेमक्या गल्लीत पोचला, पण पाकिटावरच्या क्रमांकाचे घरच तिथे नाही, असा हा प्रकार. आतले एकही पान उघडत नसते तर मी आधी .एचटीअ‍ॅक्सेस फाइल पाहिली असती, कारण पत्त्यांविषयीच्या सूचना सर्व्हरला देणारी, बिंदूने सुरू होणारी ही लपलेली फाइल स्थलांतरात सहज मागे राहते. (वर्डप्रेस असेल तर पर्मालिंकच्या, म्हणजे पानांच्या कायमच्या पत्त्यांच्या, सेटिंगमध्ये नुसते ‘सेव्ह’ केल्यानेही बऱ्याचदा काम भागते.) इथे मात्र एकच पान रुसले होते.

भावाकडून जुनी लिंक मागवली आणि अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांची नोंद, उघडला. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे ‘घाटाच्या-पायऱ्या’ एवढ्याशा नावाची सव्वाशेहून अधिक अक्षरांची रांग होते. चालणारी आणि अडणारी ओळ एकाखाली एक ठेवली, तेव्हा अडणारी बरोबर नऊ अक्षरांनी लांब भरली आणि तिच्यात ‘%ई२%८०%८डी’ हा जास्तीचा तुकडा सापडला. तो झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह.

मग उलगडा झाला. ‘पायऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि जॉइनर जोडून. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, सर्व्हरला मात्र दोन निरनिराळी नावे. स्थलांतरासाठी केलेली झिप फाइल उघडताना देवनागरी नावांचा चुराडा झाला होता, म्हणून चार फोल्डरांची नावे (तीच पानांच्या पत्त्यात येतात) मी नव्या कळफलकावर पुन्हा टंकली होती आणि त्यांतल्या या एकातच ‘ऱ्या’ होता. चूक सर्वस्वी माझी.

फोल्डरला रोमन अक्षरांतले नाव दिले आणि दोन्ही जुन्या पत्त्यांवरून तिकडे ३०१, म्हणजे कायमचे पुनर्निर्देशन, लावले. हरवलेले प्रत्येक पान मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. घाट शोधणाऱ्याला मुखपृष्ठावर आणून सोडले तर पान हरवल्याचे त्यालाही कळत नाही आणि मलाही. लॉगमध्ये आता भावाच्या जुन्या लिंकपुढे ३०१ आणि तिच्याखालच्या ओळीत २००, म्हणजे ‘पान सापडले’, दिसतो.