बिघाडाचे ईमेल का येत नव्हते

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याचे ऑर्डर नोंदवण्याचे वेब अ‍ॅप्लिकेशन मी सांभाळतो. ते जँगो या पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये (अ‍ॅप्लिकेशनच्या तयार सांगाड्यात) लिहिलेले आहे आणि सर्व्हरवर काही बिघडले, की त्याचा तपशील मला ईमेलने यावा, अशी सोय मी सुरुवातीपासूनच ठेवली होती. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात मालकांचा फोन आला. “अहो, दोन दिवस झाले, नव्या व्यापाऱ्यांचं चलन निघंना. तुम्हाला कळलं नाही का?” मला खरोखरच कळले नव्हते. मेलबॉक्स रिकामा होता आणि त्यावरून सगळे सुरळीत चालले आहे, असे मी धरून चाललो होतो.

चलनाची चूक अर्ध्या तासात सापडली. नव्या नोंदींत जीएसटी क्रमांक कोरा राहत होता. ईमेल का आले नाहीत, हे शोधण्यात मात्र सारी संध्याकाळ गेली.

व्यापाऱ्यांना जाणाऱ्या ऑर्डरच्या पोचपावत्या त्याच मेल सर्व्हरवरून वेळेवर पोहोचत होत्या, त्यामुळे पासवर्ड किंवा पोर्ट यांवर संशय घेण्यास जागा नव्हती. चुकांचा तपशील थेट पानावर दाखवणारे ‘डीबग’ हे सेटिंग बंद होते (ते चालू असेल, तर जँगो बिघाडाचे ईमेल पाठवतच नाही) आणि असे ईमेल ज्यांना जातात, त्या ‘अ‍ॅडमिन्स’च्या यादीत माझा पत्ताही बरोबर होता. ‘सेंडटेस्टईमेल’ ही चाचणीचे ईमेल पाठवणारी जँगोची आज्ञा माझ्या पत्त्यावर चालवली, तर तेही ईमेल लगेच आले. मग तीच आज्ञा अ‍ॅडमिन्सचा पर्याय जोडून चालवली आणि टर्मिनलवर मेल सर्व्हरचे ५५३ क्रमांकाचे नकाराचे उत्तर उमटले.

कारण प्रेषकाच्या पत्त्यात होते. साधी ईमेल ‘डीफॉल्ट फ्रॉम ईमेल’ या सेटिंगमधल्या पत्त्यावरून जातात, तर अ‍ॅडमिन्सना जाणारी ‘सर्व्हर ईमेल’ या वेगळ्या सेटिंगमधल्या पत्त्यावरून. पहिले मी भरले होते, दुसरे भरलेच नव्हते. तेथे ‘रूट अ‍ॅट लोकलहोस्ट’ हे मूळ मूल्य तसेच राहिले होते आणि आमचा मेल सर्व्हर असा प्रेषक स्वीकारत नाही. त्यातच बिघाडाचे ईमेल पाठवताना काही अडले, तर जँगो ती अडचण मुद्दाम गिळून टाकतो. ते मला योग्यच वाटते, कारण ईमेल गेले नाही म्हणून वापरणाऱ्याच्या विनंतीत आणखी एक बिघाड व्हायला नको. पण त्यामुळे हा नकार आमच्या लॉगमध्येही (सर्व्हरच्या नोंदवहीतही) कोठे नोंदला गेला नव्हता.

सेटिंगची ती एक ओळ भरली आणि केवळ मलाच उघडता येईल, असे मुद्दाम चूक करणारे एक पान तयार करून ईमेल येते, याची खात्री करून घेतली. रात्री साठ्याचा हिशेब करणारी स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीवर, चालते; ती वेब विनंतीच्या बाहेर असल्याने तिच्यातल्या चुका या वाटेने येतच नाहीत, म्हणून तिच्यात ईमेल पाठवण्याची स्वतंत्र व्यवस्था केली. आता दर सोमवारी सकाळी नऊ वाजता अ‍ॅप्लिकेशन मला आठवड्यातल्या चुकांची संख्या कळवते, ती शून्य असली तरीही. आणि सव्वानऊपर्यंत ते ईमेल दिसले नाही, तर मी चहा बाजूला ठेवून आधी सर्व्हर उघडतो.