हो, आमच्या हॉलमधला टीव्ही पोकळ आहे

घरी येणारा प्रत्येक जण आधी आतल्या खोलीत रचलेले क्राउन, वेस्टन, टेलेव्हिस्टा हे जुने टीव्ही बघतो. मग हॉलमधल्या चार पायांच्या सेटचं शटर सरकवतो, आत अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिसतात, आणि प्रश्न येतोच: "टीव्हीचं फर्निचर करणाऱ्यांना तुम्ही शिव्या घालता, मग हे काय?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

शिव्या घालतो, खरंय. टीव्हीचं मत्स्यालय पाहिलं की अजून पोटात कालवतं. बारचं तर नावच काढू नका. लाकडाचं कौतुक करता, पण बहुतेकदा तो प्लायवर चिकटवलेला पापुद्रा असतो. सेट म्हणजे आतलं सगळं. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले, त्यामुळे मॉड्युलेटरनं, म्हणजे जुन्या टीव्हीला कळेल असा सिग्नल बनवणाऱ्या डबीनं, सिग्नल द्यावा लागतो. पण पडदा उजळला की एक बारीक शिट्टी सुरू होते, सेकंदाला 15,625 कंपनं. पन्नाशीनंतर मला ती ऐकू येत नाही. भाची म्हणते, "मामा, वाजतोय," तेव्हा मला कळतं.

हॉलमधला सेट काकांचा. पोस्टात लायसन्स भरायचे त्या काळातला. काका गेल्यावर काकू आमच्याकडे राहायला आली, सेटही आला. तिची अट एकच, लावून दाखव.

शनिवारी दुपारी मागचं झाकण काढलं. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहिलेला असू शकतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तो चॅसीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, उतरवला. इतकी काळजी घेतली! मग योक, म्हणजे ट्यूबच्या काचेच्या मानेवर बसवलेलं तारेचं वेटोळं. त्याचं रबर चिकट होऊन काचेला घट्ट धरलेलं. हेअर ड्रायरनं गरम करत, धीरानं सोडवायचं असतं, हे मीच लोकांना शिकवतो. आत काकू चहा ठेवत होती. म्हटलं, जरासाच पीळ देऊ.

टिक्. आणि मग फुस्स, सायकलचा व्हॉल्व्ह सैल झाल्यासारखं. ट्यूबमध्ये हवा शिरत होती. काचेच्या आत गेटरचा, म्हणजे ट्यूबमधली उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा, आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो माझ्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा झाला. ट्यूब गेली. काकू कप घेऊन आली. "लागला का रे?" मी म्हटलं, वेळ लागेल. पुढे तीन महिने तेच म्हणत राहिलो.

दुसऱ्या सेटची ट्यूब का नाही बसवली? होती एक चालणारी. एकाला जगवायला दुसऱ्याला का मारायचं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पुन्हा त्या मानेला हात लावायची हिंमत नव्हती. तत्त्व मागाहून सुचलं.

काकूला कळलं होतंच. तीच म्हणाली, "देव ठेव त्यात. शटर आहे, रात्री बंद करता येईल."

फळी नुसती टेकवलीय, एकही नवं भोक पाडलेलं नाही, असं मी दहा वर्षांपूर्वीच्या मला समजावतो. तो म्हणतो, मत्स्यालयवालेही हेच सांगतात.

चॅसी, ट्यूनर, योक माळ्यावर खोक्यात आहेत, वायरींना चिठ्ठ्या लावून. जुन्या बाजारात गेलो की ट्यूबची चौकशी करतोच. परवा एकानं फोटो पाठवला, मापाची वाटतेय. काकू रोज सकाळी शटर सरकवून देवांना फुलं वाहते. त्या फोटोला मी अजून उत्तर दिलेलं नाही.